ताश्कंदला चाललोय (आणि बायकोही बरोबर आहे)

भोसरी एमआयडीसीतल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर उभं राहा आणि "पुढच्या महिन्यात ताश्कंदला चाललोय" एवढंच म्हणा. समोरचा आधी डोळा मारणार. मग आवाज खाली आणून विचारणार, "एकटाच ना?" त्यापुढचे प्रश्न मी इथे लिहीत नाही, ब्लॉग आईसुद्धा वाचते.

तर मंडळी, आजचा वीकांत ह्या डोळा मारण्यावर. हा प्रकार बंद व्हायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात नैतिकतेचा भाग आहेच, पण तेवढाच नाही. सहाशे वर्षांपूर्वी वेधशाळा बांधणारा, 'अल्गोरिदम' ह्या शब्दाला ज्याच्यामुळे नाव मिळालं त्या माणसाचा, दोन तासांत साडेतीनशे किलोमीटर पळणाऱ्या रेल्वेचा एक अख्खा देश आपण एका चावट हसण्यात गुंडाळून ठेवलाय. आणि ह्यात नुकसान आपलंच आहे.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही (असे वाचक असतील तर त्यांचं अभिनंदन) त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. पिंपरी-भोसरीपासून चाकण-तळेगावपर्यंतच्या आपल्या पट्ट्यात परदेशवारी दोन प्रकारची असते. एक आम्हा आयटीवाल्यांची, म्हणजे ऑनसाईट. दुसरी स्कीमची. टायर, रंग, सिमेंट, बेअरिंग, कटिंग टूल, काहीही विकणारा डीलर असो, वर्षाचं टार्गेट पूर्ण झालं की कंपनी त्याला 'फॉरेन टूर'वर नेते. शिवाय ज्यांना कुणी नेत नाही ते वर्कशॉपवाले चार-सहा जण मिळून स्वतःच जातात. पूर्वी ह्या सहली बँकॉक-पट्टायाला जायच्या. मग दिल्लीहून जवळ, थंड हवेचं, स्वस्त आणि 'गोऱ्या लोकांचं' गाव म्हणून ताश्कंद यादीत आलं, पाठोपाठ अल्माटी. पॅकेज ठरलेलं: चार रात्री, एक दिवस चिमगानचे डोंगर आणि रोपवे, रोज रात्री इंडियन डिनर, आणि 'नाईटलाईफ' नावाची एक ओळ जिच्यापुढे काहीच तपशील नसतो. तो तपशील म्हणजेच डोळा मारणं.

आता तुम्ही म्हणाल, "बाबा रे, वर्षभर बारा-बारा तास शॉपफ्लोअरवर घाम गाळणाऱ्या माणसाने चार दिवस मजा केली तर तुझ्या पोटात का दुखतं?" नाही दुखत. खरंच नाही. लेथवर काम करून स्वतःचं वर्कशॉप उभं केलेल्या माणसाची पहिली परदेशवारी ही फार मोठी गोष्ट असते, तिची चेष्टा करणारा मी कोण? माझी तक्रार उलटी आहे. त्या माणसाला नेलं तर कुठे नेलं? समरकंदपासून साडेतीनशे किलोमीटरवर नेऊन चार दिवस हॉटेल आणि क्लबमध्ये बसवून परत आणलं. आग्र्याच्या अलीकडे मथुरेपर्यंत जाऊन ताजमहाल न बघता परत यावं तसं. आणि तोही घरी येऊन काही सांगू शकत नाही, कारण त्याने 'ताश्कंद' म्हटलं की बायको गप्प होते आणि मित्र हसतात. पैसे देऊन गप्प बसायची वेळ, ह्याला मजा म्हणत नाहीत.

मी आणि बायको २०२४ च्या एप्रिलमध्ये दहा दिवस उझबेकिस्तानात होतो. तिच्या ऑफिसात तिने सुट्टीचं कारण सांगितलं तेव्हा तिला कुणी डोळा मारला नाही, तिची कीव केली. "नवऱ्यावर लक्ष ठेवायला चाललीस का गं?" असं एका मैत्रिणीने चक्क विचारलं. म्हणजे बघा, एखादी बाई त्या देशात स्वतःच्या हौसेने जाऊ शकते हे आपल्याकडच्या शिकलेल्या, आयटीत लीड असलेल्या बाईलाही सुचत नाही.

पण खरा चटका ताश्कंदमध्ये बसला. हॉटेल साधंच होतं. काउंटरवरच्या मुलीने माझा पासपोर्ट हातात घेतला, कव्हर बघितलं आणि काही न बोलता लॅमिनेट केलेला एक कागद माझ्यापुढे सरकवला. इंग्रजीत लिहिलेलं होतं: खोलीत बाहेरच्या पाहुण्यांना आणता येणार नाही, रिसेप्शनला ह्या बाबतीत विनंती करू नये. मी वाचत असताना बायको सामान घेऊन पुढे आली, तशी ती मुलगी इतकी ओशाळली की कागद ओढून घेऊन ड्रॉवरमध्येच टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी निवांत होती तेव्हा बायकोशी बोलली. फार्मसी शिकत होती, संध्याकाळी हे काम. म्हणाली, सगळे तसे नसतात, पण रात्री खोलीतून फोन करून विचारतात, म्हणून मॅनेजरने कागद करून ठेवलाय. "मलाही विचारतात," एवढं म्हणाली आणि विषय बदलला.

ह्या एका वाक्यानंतर मला 'नाईटलाईफ'बद्दल वाद घालायची इच्छा उरलेली नाही. आपल्याकडची फार्मसीची पोरगी आकुर्डीतल्या हॉटेलात संध्याकाळी काम करतेय आणि कुठल्यातरी देशाचे पर्यटक तिला रात्री फोन करून 'रेट' विचारतायत असं चित्र डोळ्यांसमोर आणा. आपल्याकडे त्या देशाच्या लोकांना काय म्हटलं असतं? तिकडेही हा धंदा कायद्यात बसत नाही, दलालीला तिकडेही शिक्षा आहे. तेव्हा "तिकडे सगळं चालतं" ही आपल्या टपरीवरची थाप आहे.

आणि ह्याची किंमत कोण मोजतं? मजा करून परतलेला माणूस नव्हे. तिकडे राहणारी आपलीच पोरं. उझबेकिस्तान आणि शेजारच्या किर्गिझस्तानात आपल्याकडची भरपूर मुलं-मुली डॉक्टरकी शिकायला आहेत, त्यात महाराष्ट्रातलीही आहेत. परक्या गावात परकी पोरं सुरक्षित राहतात ती तिथल्या लोकांच्या सद्भावनेवर. ती सद्भावना किती नाजूक असते ते मे २०२४ मध्ये बिश्केकला दिसलं. परदेशी विद्यार्थ्यांबरोबर झालेल्या एका मारामारीचा व्हिडिओ पसरला आणि १७ मेच्या रात्री जमाव वसतिगृहांवर चालून गेला. आपल्या दूतावासाला भारतीय मुलांना सांगावं लागलं की बाहेर पडू नका. त्या घटनेचा आपल्या सहलवाल्यांशी काही संबंध नव्हता, हे स्पष्ट सांगतो. मुद्दा एवढाच की 'परदेशी' ह्या शब्दाभोवती राग साठवायला वेळ लागत नाही, आणि तो निघतो तेव्हा कोण पर्यटक आणि कोण विद्यार्थी हे कुणी बघत नाही. तिथे शिकणाऱ्या आपल्या मुलीकडे रस्त्यावरचा माणूस कुठल्या नजरेने बघतो, हे काही अंशी आपण तिकडे जाऊन काय करतो त्यावर ठरतं.

असो. उपदेश पुरे. डोळा मारणं बंद करायचा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे त्या गावाबद्दल दुसरं काहीतरी सांगता येणं. त्यामुळे आता कामाचं.

ताश्कंद आपल्याला परकं नाही. शाळेत पाठ केलेलं आठवतं का? १० जानेवारी १९६६ ला ताश्कंद करार झाला, शास्त्रीजी आणि अयूब खान यांच्यात, रशियाच्या कोसिगिन यांच्या मध्यस्थीने. त्याच रात्री, ११ तारीख उजाडताना, शास्त्रीजी तिथेच गेले. त्या शिष्टमंडळात संरक्षणमंत्री म्हणून यशवंतराव चव्हाण होते. तेच यशवंतराव, ज्यांच्या नावाच्या पिंपरीतल्या हॉस्पिटलला आपण 'वायसीएम' म्हणतो. ताश्कंदमध्ये आजही शास्त्रींच्या नावाचा रस्ता आहे, पुतळा आहे, आणि त्यांच्याच नावाचं भारतीय सांस्कृतिक केंद्र आहे जिथे तिकडची मुलं हिंदी आणि कथक शिकतात. पुण्यातल्या शास्त्री रोडवर एमपीएससीची पुस्तकं घेणाऱ्या पोरांना ताश्कंद करार तोंडपाठ असतो. पण तिथे जाऊन त्या पुतळ्यापुढे दोन मिनिटं उभं राहावं, हे पॅकेजमध्ये नसतं.

जायचं कसं? पुण्याहून सरळ विमान नाही. दिल्ली गाठायची. दिल्ली-ताश्कंद हवाई अंतर साधारण १६०० किलोमीटर, म्हणजे मुंबई-कोलकात्याएवढंच! पण मध्ये पाकिस्तान आणि अफगाणिस्तान आहेत. जमिनीवरून रस्ता असून नसल्यासारखा, आणि आकाशातला रस्ताही शेजाऱ्याच्या मर्जीवर. सप्टेंबर २०२३ मध्ये इंडिगोने दिल्लीहून ताश्कंद आणि अल्माटीची विमानं सुरू केली तेव्हा सगळं फार सोपं झालं होतं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केली आणि इंडिगोला दोन्ही फेऱ्या थांबवाव्या लागल्या, कारण वळसा घालून जायचं तर ही दोन्ही शहरं त्यांच्या विमानांच्या पल्ल्याबाहेर पडत होती. तेव्हा कुठली कंपनी कुठून उडतेय हे तिकीट काढायच्या दिवशीच बघा, आणि परतीच्या विमानानंतर लगेच दुसऱ्या दिवशी प्रॉडक्शन रिलीज ठेवू नका. :)

व्हिसा सोपा आहे. उझबेकिस्तान सरकारच्या संकेतस्थळावर ई-व्हिसा मिळतो, एका प्रवेशाचा, तीस दिवसांचा, वीस डॉलर. सारख्या नावाची दलालांची संकेतस्थळं आहेत, ती तिप्पट पैसे घेतात, त्यामुळे पत्ता नीट वाचून अर्ज करा आणि हाताशी आठवडाभर ठेवा. तिकडे प्रत्येक हॉटेल तुमची सरकार दरबारी नोंद करतं आणि चिठ्ठी देतं. ती फेकू नका. ड्रोन असेल तर घरीच ठेवा, परवानगीशिवाय नेता येत नाही. आणि औषधांची पिशवी भरताना जपून! झोपेच्या गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, तीव्र वेदनाशामक अशांवर तिकडे कडक नियम आहेत. यादी तपासा, आणि लागतच असेल तर डॉक्टरची चिठ्ठी बरोबर ठेवा.

पैशाचं म्हणाल तर तिकडचं चलन सोम. एका डॉलरला हजारोंनी सोम येतात, त्यामुळे पहिल्या दिवशी प्रत्येकजण लक्षाधीश होतो. जुन्या प्रवासवर्णनांत काळ्या बाजारात नोटांच्या विटा बदलण्याचे किस्से वाचाल, ते विसरा. सप्टेंबर २०१७ मध्ये सरकारने चलन मोकळं केलं आणि तो धंदा संपला. बँकेत बदला. डॉलर मात्र कोरे करकरीत न्या, दुमडलेल्या नोटेकडे तिकडचा कॅशियर आपल्या आरटीओतल्या साहेबासारखा बघतो.

आता फिरायचं कसं, आणि इथे माझी गाडी थांबणार नाही. कारण रेल्वे! ताश्कंदहून समरकंद ३४४ किलोमीटर. 'अफ्रोसियोब' नावाची वेगवान गाडी २०११ पासून धावते, स्पॅनिश बनावटीची, आणि दोन-सव्वादोन तासांत पोचवते. आपल्याला पुणे-मुंबईच्या १९२ किलोमीटरला तीन तास लागतात, घाट आहे वगैरे सगळं मान्य करूनसुद्धा. हीच गाडी पुढे बुखाऱ्यापर्यंत जाते. तिकिटं लवकर संपतात, म्हणून व्हिसा आला की पहिलं काम हे करा. एक काळजी घ्या: ताश्कंदला उत्तर आणि दक्षिण अशी दोन मोठी स्टेशनं आहेत आणि गाड्या दोन्हींकडून सुटतात. तिकिटावर नीट वाचा. पुणे आणि शिवाजीनगर ह्यांत घोळ घालणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. स्टेशनात शिरतानाच पासपोर्ट आणि तिकीट बघतात, तेव्हा अर्धा-पाऊण तास आधी पोचा.

खिव्याला जायचं असेल तर रात्रभराची गाडी. चार बर्थच्या बंद कप्प्याला 'कुपे' म्हणतात, आणि आपल्या स्लीपरसारख्या उघड्या डब्याला 'प्लात्सकार्त'. दुसरा घ्या. चादरी मिळतात, डब्याच्या टोकाला गरम पाण्याचा बंब असतो, आणि अख्खा डबा तुमच्या डब्यातल्या चिवड्यात रस घेतो. आमच्या समोरच्या बर्थवर दोन शाळामास्तरीण बाया होत्या. बायकोचा आणि त्यांचा संवाद मोबाईलवरच्या भाषांतरावर रात्री अकरापर्यंत चालला. विषय काय, तर सासू, मुलांची ट्यूशन आणि सोन्याचा भाव. मी वरच्या बर्थवर झोपलो. 'एक्झॉटिक' म्हणतात ते हेच असावं.

ताश्कंद शहरातही मेट्रोने फिरा. १९७७ ला सुरू झालेली, मध्य आशियातली पहिली. आपली पिंपरीहून सुटणारी मेट्रो २०२२ ची, म्हणजे पंचेचाळीस वर्षांचा फरक. २०१८ पर्यंत आत फोटो काढायला बंदी होती, आता खुशाल काढा. 'कोस्मोनावत्लार' स्टेशनच्या निळ्या भिंतीवर गागारिन आणि तेरेश्कोवा ह्यांच्याबरोबर उलुगबेगही आहे. बाराही महिने कंपनीच्या बसमध्ये हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बसणाऱ्या माणसाने नुसतं मेट्रोत बसून ताश्कंद बघितलं तरी पैसे वसूल.

हा उलुगबेग म्हणजे तैमूरचा नातू. तैमूर म्हटल्यावर आपल्याला १३९८ ची दिल्लीची लूट आणि कत्तल आठवते, आठवायलाच हवी. तिकडे तो राष्ट्रपुरुष आहे, ताश्कंदच्या मध्यावर घोड्यावर बसलाय. समरकंदची भव्य बीबी खानम मशीद बघताना लक्षात असू द्या की ती बांधायला हिंदुस्तानातून नेलेले पाथरवट राबले होते. बाबराने स्वतःच्या आठवणींत तसं लिहून ठेवलंय. इतिहास असा दोन्ही बाजूंनी बघायला मिळणं हे प्रवासाचं खरं काम. पण नातू निराळा निघाला. त्याने समरकंदला वेधशाळा बांधली आणि १४३७ मध्ये हजारावर ताऱ्यांची यादी तयार केली. आपल्याकडे जंतरमंतर बांधणाऱ्या सवाई जयसिंगाने त्याचाच आधार घेतला. वेधशाळेचं जमिनीखालचं प्रचंड कमानीसारखं उपकरण १९०८ मध्ये उकरून काढलं, ते आजही बघता येतं.

आणि खिवा. किल्ल्याच्या भिंतीबाहेर एका माणसाचा बसलेला पुतळा आहे, मान खाली, विचारात गढलेला. अल-ख्वारिझ्मी. ख्वारिझ्म म्हणजे हाच प्रदेश. नवव्या शतकात बगदादला बसून त्याने भारतीय अंकांनी हिशेब कसा करायचा ते लिहिलं, त्याचं लॅटिन झालं आणि त्याच्या नावाचा अपभ्रंश होत होत 'अल्गोरिदम' झाला. आपण ज्या शब्दावर पगार घेतो तो शब्द ह्या वाळवंटातल्या गावाचा आहे. हिंजवडीतली एकही कंपनी ऑफसाईट खिव्याला नेत नाही हे मला कोडंच आहे. संस्कृत शिकून भारतावर ग्रंथ लिहिणारा अल्बेरुनीही ह्याच ख्वारिझ्मचा.

पालखेडला १७२८ मध्ये पहिल्या बाजीरावाने ज्या निजामाला पाणी तोडून जेरीस आणलं, त्याचे आजोबा समरकंदजवळून आलेले. म्हणजे मराठ्यांच्या इतिहासातही हे गाव आहेच.

भाषेची भीती वाटते? सिरिलिक अक्षरं शिका, दोन रविवार पुरतात, पाट्या वाचायला मजा येते. उझबेक आता बरीचशी रोमन लिपीत लिहितात. पण खरी गंमत शब्दांची. बाजार, दोस्त, हवा, हफ्ता, तयार, जवाब, मेवा, किसमिस, अनार... उच्चार थोडे वाकडे, शब्द आपले. उद्योगाला म्हणतात 'कोरखोना'. कारखाना! पूर्ण एमआयडीसीला घरच्यासारखं वाटेल. 'सब्झी' म्हणजे मात्र फक्त गाजर. आणि दर चौकात हिरव्या अक्षरांत पाटी दिसते: 'दोरीखोना'. म्हणजे दारूखाना. आमच्या विमानातले काही गडी बघूनच खूश झाले असतील, पण ते औषधाचं दुकान असतं. फारसीत दारू म्हणजे औषध. ती काउंटरवरची मुलगी शिकून अशाच दुकानात बसणार होती.

चाकण-तळेगावच्या मंडळींसाठी खास. रस्त्यावर बघाल तर शेव्हरोलेच शेव्हरोले, बहुतेक पांढऱ्या. कारण अंदिजानजवळ असाका गावात कारखाना आहे. आपल्या तळेगावात २००८ पासून शेव्हरोले बनत होत्या, २०१७ ला इथली विक्री बंद झाली, २०२० ला लाईन थांबली, आणि २०२३ मध्ये तो कारखाना घ्यायचा करार ह्युंदाईने केला. तळेगावात जी स्पार्क जोडली त्याच घराण्यातली गाडी ताश्कंदमध्ये टॅक्सी म्हणून दारात उभी राहते, तेव्हा आपल्या पट्ट्यातला माणूस बॉनेटकडे बघतोच. वर्कशॉपवाल्यांनी तर फरगाना खोऱ्यात जावं. चुस्तच्या सुऱ्या, रिश्तानची मातीची भांडी, मार्गिलानचं रेशीम, सगळं हाताने काम करणाऱ्यांचं. रेल्वे डोंगरातून १९ किलोमीटरच्या बोगद्यातून जाते, २०१६ चा आहे. कोकण रेल्वेचा करबुडे साडेसहाचा. ज्याने आयुष्यभर मायक्रॉन मोजले त्या माणसाला चुस्तच्या लोहारापुढे अर्धा तास उभं करा आणि मग विचारा, क्लब बरा की हे बरं.

जेवणाचं थोडं अवघड, शाकाहारी असाल तर खरोखर अवघड. पण तंदूरमधली गरम 'नान', टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर, भोपळ्याचा समोसा (तोही 'सोम्साच') आणि कलिंगड-खरबूज ह्यांवर माणूस जगतो. खाणाऱ्यांनी पुलाव दुपारीच गाठावा, संध्याकाळी कढई रिकामी असते. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरला जा. जुलैत पारा चाळिशीपुढे जातो, त्यापेक्षा मग परभणी जवळ.

आणि हे मुद्दाम बायकांसाठी: जा. मैत्रिणी मिळून जा, आईला घेऊन जा. माझी बायको मेट्रोत, बाजारात दोन दिवस एकटी फिरली. तिला त्रास झाला नाही. एकदाच कुणी मागून शेरा मारला, तो हॉटेलच्या लिफ्टपाशी होता आणि हिंदीत होता. ह्यावर मी काही टिप्पणी करत नाही.

माझी मागणी तशी छोटी आहे. टूरवाल्यांनी त्या चार रात्रींतली एक समरकंदला द्यावी, सकाळच्या गाडीने गेलं तर अफ्रोसियोब सकाळच्या चहापर्यंत पोचवते. डीलरला नेणाऱ्या कंपन्यांनी त्याच्या बायकोचंही तिकीट काढावं. खर्च वाढेल, पण मग ती सहल घरी सांगता येईल अशी होईल. आणि आपण, टपरीवरच्या लोकांनी, एकच करावं. पुढच्या वेळी कुणी "ताश्कंदला जाऊन आलो" म्हणत डोळा मारला, की हसायचं नाही. सरळ विचारायचं, "समरकंद बघितलंस का रे?"

नाही म्हणाला, तर डोळा आपण मारायचा.